सतराव्या प्रश्नासमोरची खूण

विद्यापीठाच्या शोधसमितीवर मी गेली सहा वर्षं बसतो. बसतो हाच शब्द बरोबर. लांबलचक टेबल, भोवती दहाबारा प्राध्यापक, प्रत्येकापुढे समोसा आणि समोशाखाली पीएच.डी.साठी आलेल्या विषयांची यादी. तेल कागदात उतरत जातं तशी खालच्या पानावरची ओळ वर दिसायला लागते. बेडकाच्या आतड्यातले कृमी. गव्हावरचा तांबेरा. भेडाघाटच्या संगमरवराचे थर. जुन्या हिंदी कवितेतली विरहिणी. मराठी अमलातले महसुली कागद. वसाहतीतल्या गृहिणींचा मोकळा वेळ. अर्ध्या तासात सगळं मंजूर. ते बेडूक कोण पकडणार, त्या गृहिणींच्या दारात खरोखर कोण जाणार, हे कुणी विचारत नाही. मीही विचारत नाही. मला तो अधिकार नाही, आणि तो का नाही हे पंचवीसेक वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

काही महिन्यांपूर्वी अर्थशास्त्राचा एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. जबलपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचं राहणीमान, लढायांच्या वर्षांपासून आजपर्यंत. नेटकं टायपिंग, सोनेरी अक्षरांची बांधणी. चौथ्या प्रकरणात एक वाक्य होतं: त्या काळच्या पाहणीनुसार, दारूगोळा भरणाऱ्या विभागातल्या कामगारांची प्रकृतीविषयी उल्लेखनीय तक्रार नव्हती. खाली तक्ता, आणि तक्त्याखाली आधार म्हणून माझ्या जुन्या सरांचं पुस्तक.

त्या तक्त्यातला आमच्या लाइनीचा, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेचा, आकडा मी सदर बाजारात एका चहाच्या दुकानात बसून तयार केला होता. एकाही कामगाराला न विचारता.

मी प्रबंध मिटून ठेवला. न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. आणि मग येऊन अहवालात लिहिलं, की संदर्भ परिश्रमपूर्वक गोळा केलेले आहेत. खाली सही केली आणि पाठवून दिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

चीनच्या लढाईनंतर जबलपुरात माणसांचा पूर आला. कारखान्यांत भरती सुरू झाली, दोन पाळ्यांच्या तीन झाल्या. पासष्टला पाकिस्तानशी जुंपली तेव्हा भोंग्यावरून वेळ कळेनासा झाला, इतक्यांदा तो वाजायचा. आमचे वडील रेल्वेच्या ऑफिसात होते, पण आम्ही राहायचो त्या लाइनीत बहुतेक घरं कारखान्यातल्या माणसांची होती. निम्मी मराठी. घरात मराठी, ओट्यावर हिंदी.

मी तेव्हा एम.ए. करत होतो. आमच्या इमारतीत जागेची टंचाई होती, म्हणून एकाच लांब व्हरांड्यावर पाचसहा विभाग कोंबले होते. एका टोकाला प्राणिशास्त्र, तिथून फॉर्मॅलिनचा वास सगळीकडे पसरायचा. त्याच्या शेजारी हिंदी, पुढे मानसशास्त्र, भूगर्भशास्त्राची दगडांनी भरलेली खोली, आणि टोकाला आम्ही, समाजशास्त्रवाले. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय ज्ञानाचा बाजार भरला आहे. कुणी दगडाचे काप काढतंय, कुणी उंदराला चक्रव्यूहात सोडतंय, कुणी खेड्यात जाऊन माणसांच्या डोक्यांची मापं घेतंय. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. अभिमान वाटायचा. मग आत शिरलो आणि बाजाराची मागची बाजू दिसली, जिथे सडका माल टाकतात.

डोक्यांची मापं घेणारा वीस डोक्यांची मापं घ्यायचा आणि उरलेल्या डोक्यांची त्याच आकड्यांना थोडं इकडेतिकडे करून लिहायचा. विरहिणीवर लिहिणाऱ्याने शेजारच्या विद्यापीठातली दुसरी विरहिणी उचलून आणली होती, फक्त कवी बदलला होता. उंदीर मेला की चपराशी दुसरा आणून ठेवायचा आणि वहीत पहिलाच उंदीर शहाणा होत जायचा.

एकदा भाषेचे एक संशोधक आमच्या घरी आले. जबलपूरची मराठी कशी आहे ते टिपायला. माझ्याच ओळखीने आले. आईने नवी साडी नेसली. ते विचारायचे, ‘तुम्ही स्वयंपाक करत असताना कुणी हाक मारली तर काय म्हणाल?’ आणि आमची आई, जी दिवसभर ‘काय करून राहिला रे’ आणि ‘काहून ओरडून राहिले’ म्हणत फिरायची, ती पाठ सरळ करून म्हणायची, ‘मी स्वयंपाक करीत आहे.’ पाहुण्यापुढे घरातली फाटकी गोधडी लपवावी तशी तिने स्वतःची भाषा लपवली. त्यांनी सगळं टिपून घेतलं. ते गेल्यावर आई म्हणाली, ‘चलो, इज्जत राहिली.’ मी हसलो. त्यांना सांगायला हवं होतं, पण कुणाला पडली होती.

या सगळ्यात प्राणिशास्त्राच्या दीदी तेवढ्या वेगळ्या. बेडकांच्या आतड्यातले कृमी मोजायच्या. केसांना, ओढणीला, डब्यातल्या पोळीलासुद्धा फॉर्मॅलिनचा वास. त्या व्हरांड्यातून गेल्या की आम्ही नाकाला रुमाल लावायचो, त्यांच्या तोंडावर. पावसाळ्यात छत गळून त्यांच्या काही बरण्यांवरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या. कुठला बेडूक कुठल्या डबक्यातला हे कळेना. मला वाटलं, लावतील अंदाजाने. त्यांनी सगळ्या बरण्या मागच्या खड्ड्यात ओतल्या आणि नव्या पावसाची वाट पाहत बसल्या. आम्ही त्यांना वेडी म्हणायचो.

आम्हाला शहाणपण शिकवायला एक भैया होते. वयाने आमच्याहून बरेच मोठे, कागदोपत्री मानसशास्त्राचे संशोधक, पण काम सगळ्या विभागांचं. कुणाचीही प्रश्नावली असो, भरून देणार हे. त्यांचं ऑफिस म्हणजे सदरमधलं चहाचं दुकान, भट्टीच्या मागचं बाकडं. आमचे सर, ज्यांचं ते पुस्तक, मोठ्या पाहणीत गुंतले होते, लढाईच्या काळातली कामगार कुटुंबं असा विषय, आणि आम्ही चार विद्यार्थी घरोघर जाऊन फॉर्म भरणार होतो. प्रत्येकाला लाइनी वाटून दिल्या. मला माझ्या घराच्या आसपासच्या. सरांना वाटलं, ओळखीचा मुलगा, लोक मोकळेपणी बोलतील.

पहिल्या रविवारी मी खरंच गेलो. हे सांगितलं पाहिजे. गोहलपूरच्या बाजूला एका लाइनीत सात घरं केली. एका घरात बाईने हाकलून दिलं, एका घरात तास गेला, उन्हात डोकं दुखायला लागलं. दुसऱ्या दिवशी ते सात फॉर्म घेऊन मी दुकानात गेलो तर भैयांनी ते पंख्यासारखे हलवले.

‘सात? इस रफ़्तार से तो तुम्हारे बच्चे भरेंगे ये फ़ॉर्म.’

मग त्यांनी शिकवलं. आधी कागद मळवायचा. कोऱ्या, कडक फॉर्मवर सर संशय घेतात. ‘इतना साफ़? खटिया पे बैठ के भरा है कि बैंक में?’ म्हणून फॉर्म चार घड्या घालून मागच्या खिशात ठेवायचा आणि त्याच्यावर दिवसभर बसायचं. दोनचार दुकानाच्या जमिनीवर टाकून चपलेने घासायचे. एकावर चहाचा थेंब, एकावर भज्याच्या तेलाचं बोट. तीन पेनं आणि एक पेन्सिल आलटूनपालटून. निरक्षरांचे अंगठे हवेत, तर आपल्या दहाही बोटांचे वापरायचे. मी एकदा बोटं संपली म्हणून पायाचा अंगठा लावला आणि बाकड्यावरचे सगळे पोट धरून हसले. शाई आठ दिवस नखाखाली राहिली. आई म्हणाली, ‘काय लागलं रे?’ मी म्हटलं, शाई सांडली.

आणि तक्रारींचा नियम. ‘सौ में दस. ज़्यादा रखोगे तो कारख़ानेवाले पूछेंगे, कम रखोगे तो परीक्षक पूछेगा.’

सरांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं होतं, ‘देशावर प्रसंग आहे. परवानगी मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे, ती राखायची. भरलेल्या फॉर्मची एक प्रत त्यांच्या कल्याण अधिकाऱ्याकडे जाणार आहे, हे लक्षात असू द्या.’ ते आम्ही लक्षात ठेवलं. सर हुशार होते, त्यांना याहून जास्त बोलावं लागलं नाही.

सतरावा प्रश्न असा होता: कामामुळे प्रकृतीस काही त्रास होतो काय? होय, नाही. पुढे खूण करायची.

आता काका. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. नात्याचे नव्हेत, पण मला कळायला लागल्यापासून काका आणि काकू. कारखान्यात दारूगोळा भरण्याच्या विभागात होते, लोक त्याला नुसतं ‘भराई’ म्हणायचे. तिथली पूड अंगात शिरायची. तळवे पिवळे, नखं पिवळी, केसांची मुळं पिवळी. घामाने बनियान पिवळं व्हायचं, उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. काकू त्यांचे कपडे वेगळ्या घमेल्यात उकळायच्या आणि ते पाणी गटारात सोडलं की गटार पिवळं व्हायचं.

काका थट्टेखोर होते. कुणी हातांकडे बघितलं की म्हणायचे, ‘हळद लागली आहे बाबा मला. दुसरं लग्न करून राहिलो.’

काकू आतून म्हणायच्या, ‘करा ना. बनियानं तरी तिला धुऊ द्या.’

मला त्या हातांची किळस यायची. हेही आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लहानपणापासून यायची. सत्यनारायणाचा प्रसाद काका हाताने द्यायचे, मी ‘घरी जाऊन खातो’ म्हणायचो आणि मागच्या गटारात टाकायचो. मला मॅट्रिकला चांगले मार्क मिळाले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला होता. मी घरी येऊन डोकं धुतलं. माझं अंग चोरणं त्यांना कळत असावं, कारण नंतर ते मला लांबूनच आशीर्वाद द्यायचे.

पासष्टच्या हिवाळ्यात त्यांची थट्टा कमी झाली. अन्न जाईना. सकाळी न्हाणीघरातून ओकाऱ्यांचा आवाज भिंतीतून यायचा, आम्ही चहा पीत असायचो. त्यांना भराईतून निघून स्टोअरमध्ये बदली हवी होती. तिथे नुसती मोजदाद, पूड नाही. पण लढाईच्या दिवसांत भराईतला हात बसलेला माणूस कोण सोडणार? अशात कारखान्यात नोटीस लागली, की विद्यापीठाचे लोक घरी येऊन कामगारांची विचारपूस करतील. काकांनी ती सरकारी विचारपूस समजून घेतली. आपण सांगितलेलं वर पोचेल असं त्यांना वाटलं.

तीन रविवार ते धुतलेला शर्ट घालून ओट्यावर खुर्ची टाकून बसले. काकू चिवडा करून झाकून ठेवायच्या, येणाऱ्यांपुढे ठेवायला. दुसऱ्या रविवारी मी सायकल काढत होतो तर त्यांनी विचारलं, ‘काहून रे, तुझे विद्यापीठवाले आपल्या लाइनीत कधी येऊन राहिले?’

‘येतील काका. गोहलपूरकडून सुरुवात आहे.’

‘अच्छा. तू नाही का त्यांच्यात?’

‘मी नुसतं लिहायला आहे.’

तेव्हा त्यांचा फॉर्म भरून, मळवून, गठ्ठ्यात बांधून चार दिवस झाले होते.

तो फॉर्म कसा भरला ते सांगतो. बाकीची घरं मी मनाने रचली. कुणाला तीन मुलं, कुणाला पाच, कुणाकडे शेळी. काकांच्या घराची पाळी आली तेव्हा मात्र मला कसंतरी झालं. यांच्याबद्दल खोटं लिहायला नको, असं वाटलं. म्हणून सगळं खरं लिहिलं. घरात किती माणसं, काकांच्या आईला दमा, हप्त्याने घेतलेलं शिवणयंत्र, आणि थोरली मुलगी मॅट्रिक नापास. हे शेवटचं लाइनीत कुणाला माहीत नव्हतं. तिची स्थळं बघणं सुरू होतं, म्हणून तिने तब्येतीमुळे परीक्षा दिली नाही असं सांगितलं जायचं. आमच्या आईला काकूंनी एकदा रडत सांगितलं होतं, मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना होता. मी प्रामाणिकपणे नापास लिहिलं.

मग सतरावा प्रश्न आला. माझी शंभरातली दहा भरून झाली होती. मनाने रचलेल्या दहा माणसांना मी खोकला, पाठदुखी, डोळ्यांची जळजळ वाटून बसलो होतो. अकराव्याची जागा नव्हती. मी ‘नाही’समोर खूण केली आणि काकांची सही केली. त्यांचे अर्ज नेहमी मीच लिहायचो, सही कशी करतात ते ठाऊक होतं.

नंतर कोरा फॉर्म मागून घेता आला असता. काकांपुढे जाऊन बसायचं, विचारायचं, जुना काढून नवा ठेवायचा. अर्ध्या तासाचं काम. पण भैया हसतील असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या चिवड्याच्या बशीपुढे, त्या हातांसमोर बसायचं माझ्या जिवावर आलं.

चौथ्या रविवारी काका खुर्ची टाकून बसले नाहीत. मला म्हणाले, ‘तू अर्ज लिहून दे. आपणच जाऊन येऊ साहेबांकडे. तू संग चल, शिकलेला माणूस सोबत असला म्हणजे बरं असतं.’ मी अर्ज लिहिला. अन्न जात नाही, ओकाऱ्या होतात, हात बघावेत, अशी विनंती. चांगला लिहिला. तेव्हाही मला कळलं नाही पुढे काय होणार आहे, इतका मी मूर्ख होतो. ती प्रत अधिकाऱ्याकडे जाणार हे ऐकलं होतं, पण ती कुणी उघडून बघेल असं वाटलंच नव्हतं. आमचं कुणीच काही उघडून बघत नसे.

कल्याण अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी काकांना बसायला सांगितलं, अर्ज वाचला, मग उठून कपाटातून आमचा गठ्ठा काढला. सुतळी सोडली. मला माझ्या चपलेचे ठसे दुरून ओळखू आले. क्वार्टरच्या नंबरावरून त्यांनी फॉर्म काढला आणि काकांपुढे ठेवला.

‘ये देखिए. अभी महीना भी नहीं हुआ. आपने ख़ुद कहा है, कोई तकलीफ़ नहीं.’

काकांनी कागद हातात घेतला. बोट ठेवून वाचायची त्यांची सवय होती. पिवळं बोट एकेका ओळीवरून हळूहळू खाली यायला लागलं. माणसं. आई, दमा. मशीन. मग मुलगी. तिथे बोट थांबलं.

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. भिंतीवर कसलासा नकाशा होता, त्याच्याकडे बघत होतो. ते किती वेळ थांबलं मला सांगता येणार नाही. मग बोट पुढे निघालं, सतराव्यावरून गेलं, सहीपर्यंत पोचलं.

‘दस्तख़त आपके ही हैं ना?’

‘हाँ साहब,’ काका म्हणाले. ‘मेरे ही हैं.’

‘तो फिर?’

‘तब नहीं था साहब. अब होने लगा है.’

‘तीन हफ़्ते में?’ साहेब रागावले नव्हते, त्यांना थोडं हसू आलं होतं. ‘देखिए, भराई में सब पीले हैं. लड़ाई के दिन हैं. सबको स्टोर में भेज दूँ तो बाहर लड़ेगा कौन, और किस चीज़ से?’ त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि फॉर्म परत गठ्ठ्यात सरकवला.

आम्ही बाहेर आलो. काकांनी सायकल काढली, पण बसले नाहीत. हातात धरून चालायला लागले, म्हणून मीही चाललो. फाटकापासून घरापर्यंत चांगलं अर्ध्या तासाचं चालणं. ते काहीतरी विचारतील हे मी धरून चाललो होतो. मी मनात उत्तरं जुळवत होतो. सगळं भैयांवर टाकायचं ठरलं होतं.

घर जवळ आल्यावर ते म्हणाले, ‘परीक्षा कधी आहे तुझी?’

‘एप्रिलमध्ये.’

‘अच्छा. अभ्यास चांगला कर.’ मग दुसरीकडे बघत म्हणाले, ‘आणि आमच्या पोरीच्या मॅट्रिकचं कुठं बोलू नको हां.’

मी ‘नाही बोलणार’ म्हटलं. बस्, एवढंच. या विषयावर आम्ही पुढे कधी बोललो नाही. पुढचे सातआठ दिवस मला त्यांच्याविषयी जे वाटलं ते पश्चात्तापाचं असतं तर मी आज बऱ्या शब्दांत लिहिलं असतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

एम.ए.ला मला पहिला वर्ग मिळाला. त्या पाहणीतल्याच एका तुकड्यावर माझा पहिला लेख निघाला, लेखामुळे नोकरी, नोकरीमुळे पीएच.डी. आज माझ्या हाताखाली सात जण डॉक्टर झालेले आहेत. त्यांच्या फॉर्मवर चहाचे डाग दिसले की मी पान उलटतो. भैया नंतर कुठल्याशा कॉलेजात प्राचार्य झाले. बेडकांच्या दीदींचा प्रबंध पूर्ण झाला की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

काका भराईतच राहिले. एकाहत्तरच्या लढाईत सोळा सोळा तास होते. नंतरच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांतलं पांढरंही पिवळं झालं, पोट फुगलं. मी तेव्हा सागर शहरात कॉलेजात शिकवत होतो. ते गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोचलो. डॉक्टरांनी कावीळ लिहिली होती. घरासमोर काकू बसल्या होत्या आणि बायका त्यांना धरून होत्या. मी पुढे झालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं, दुःखात आहेत.

तो अर्थशास्त्राचा प्रबंध पास करून पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. त्या आता मुलाकडे असतात, त्याच्या नव्या घरी. सून शाळेत शिकवते, नातवंडांना मराठी कळतं पण उत्तर हिंदीत येतं. दुपारची वेळ, काकू एकट्याच होत्या. सत्तरी ओलांडली असली तरी ताठ आहेत. मेथी निवडत बसल्या होत्या.

मी सांगितलं. दुकान, फॉर्म, खूण, सही. जसं इथे लिहिलं तसंच, फक्त जास्त अडखळत. त्या मेथी निवडत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, ‘माहीत आहे.’

‘काय माहीत आहे काकू?’

‘सगळं. त्याच दिवशी सांगितलं ह्यांनी. सायकल लावायच्या आधी सांगितलं.’

मी विचारलं, ‘मग तुम्ही कधी...’

‘शपथ घातली होती. म्हणे, पोराचं वर्ष जाईल. शिकून राहिला आहे, नको.’ त्यांनी एक जून काडी बाजूला टाकली. ‘मी म्हटलं होतं, जाऊ द्या. वर्षच जाईल ना त्याचं. तुमचं काय काय जाऊन राहिलं आहे ते बघा. पण माझं कोण ऐकतं?’

बाहेर कुणाचातरी रेडिओ चालू होता. मी म्हटलं, ‘मला क्षमा करा असं म्हणायला तोंड नाही काकू.’

‘मग म्हणू नको.’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘इतक्या वर्षांनी आता काहून सांगून राहिला?’

मी प्रबंधाचं सांगितलं. त्यांना नीट कळावं म्हणून सोपं करून, की ते खोटं अजून छापलेलं आहे आणि त्याच्यावरून पुढे लोक लिहितात, परवा एका मुलीने लिहिलं.

‘आणि तू काय केलं?’

‘सही केली.’

‘कधी?’

‘काल.’

त्यांचे हात पहिल्यांदा थांबले. मला वाटलं आता ओरडतील, मारतील, आणि मला ते हवं होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी पोळीत केस निघाल्यावर माणूस पोळीकडे बघतो.

‘मग इथं काय करून राहिला? जा ना.’

चहा विचारला नाही. दारापर्यंत आल्या नाहीत.

पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. मी अहवाल मागे घेतला आणि तो तक्ता का खोटा आहे, ते माझ्या नावानिशी लिहून दिलं. कुलसचिवांनी बोलावून घेतलं, दार लावून विचारलं, ‘इसकी ज़रूरत क्या थी?’ समितीतल्या एका मित्राने सांगितलं, वय झालं की असं होतं, झोपेची गोळी घे. सरांच्या मुलाने फोनवर शिव्या दिल्या, त्या बरोबरच होत्या. प्रबंध अडकला आहे. चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, त्यासाठी भराईतली जी माणसं अजून जिवंत आहेत त्यांना शोधून विचारावं लागेल. फार उरलेली नाहीत.

तो प्रबंध लिहिणारी मुलगी काल घरी आली होती. साधी, घाबरलेली. भावाच्या स्कूटरवर मागे बसून आली होती. तिची कॉलेजातली जागा पदवीवर अवलंबून आहे, लग्नाचंही त्यावरच ठरलं आहे. तिने चूक काहीच केली नव्हती, छापलेलं पुस्तक वाचून लिहिलं होतं. बराच वेळ ती खाली बघून रडत होती. माझ्या बायकोने तिला पाणी दिलं आणि मग आत जाऊन बसली. ते पत्र वाचल्यापासून बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते.

‘सर, आप ही ने तो पास किया था,’ मुलगी म्हणाली. मग मराठीत, ‘माझं पूर्ण वर्ष जाईल, सर.’

मी म्हटलं, ‘हो. जाईल.’